दार उघडलंन

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, पुण्याच्या बहिणीलाही नाही. दोन-तीनदा सांगायला म्हणून बसले होते — मग उठले, भांडी घासली, गॅलरीत जाऊन उभी राहिले, परत आत आले आणि भलतंच काहीतरी बोलले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमतंय की काय? असेलही. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या — नाही, ते तरी कशाला सांभाळून घ्यायचं.

हेडफोनपासून सुरुवात करते. ते सोपं आहे.

डिलाईल रोडच्या एका चाळीत आम्ही दोघी राहतो, आई आणि मी. माझं काम घरूनच चालतं. लोकांच्या मुलाखती रेकॉर्ड केलेल्या असतात, त्या ऐकायच्या आणि शब्द न् शब्द टाइप करून द्यायच्या. पहिली दोन वर्षं हे सगळं मी मोबाइलबरोबर आलेल्या इअरफोनवर केलं. त्याचा डावा कान लहरी. वायर पिळून धरली तर चालायचा, सोडली की गप्प. कॉम्प्युटर जुना, कुणीतरी वापरून टाकलेला. त्याच्या पुढच्या बाजूला पिन घातली की बोलण्याच्या मागे सतत एक गुणगुण, ट्यूबलाइट खराब झाल्यावर येते तशी. त्या गुणगुणीतून माणसांचं बोलणं वेचायचं. तांदळातले खडे वेचतात तसं.

मग ठरवलं, आता एक चांगला घ्यायचा. आयुष्यात पहिल्यांदा कानासाठी काहीतरी चांगलं. पाच हजारांच्या आत सगळं बसवायचं होतं. महिनाभर मी दुसरं काही वाचलं नाही. आणि जितकं वाचावं तितका गोंधळ. कुणी म्हणे बिनवायरचा घ्या — पण आम्ही पायाने पेडल दाबून बोलणं मागे-पुढे करतो, आणि बिनवायरच्यात आवाज क्षणभर उशिरा येतो. कुणी म्हणे मागून उघडा असलेला घ्या, त्यात आवाज मोकळा वाटतो. पण मोकळा म्हणजे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. आमची खोली एकच, आईची मालिका चालू, शेजारी मिक्सर. मोकळेपणा मला कसा परवडणार? काही हेडफोन असे की त्यांना वेगळा अॅम्प्लिफायर लावल्याशिवाय ते बोलतच नाहीत. ते बाद. उरले बंद कपाचे, कान पूर्ण झाकणारे, वायरचे. वायर निघणारी हवी, म्हणजे तुटली तर तेवढीच बदलता येईल. चष्म्याच्या काडीवर दाब यायला नको. मी वहीत यादी केली, खोडली, पुन्हा केली. जेवतानाही तेच. आई म्हणाली, "लग्नाला मुलगा बघितला असतास एवढा तर झालं असतं."

शेवटी लॅमिंग्टन रोडला गेले. डिलाईल रोडहून गिरगावच्या बाजूला जायला मला कितीसा वेळ लागतो? तरी त्या दिवशी बसमध्ये बसवेना, एक स्टॉप आधीच उतरले आणि चालत निघाले. पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. कुठेतरी वाचलं होतं, हेडफोन घेताना आपल्या ओळखीचा आवाज बरोबर न्यावा, दुकानदाराच्या गाण्यावर भुलू नये. म्हणून माझ्याकडची सगळ्यात वाईट, सगळ्यात गढूळ फाइल नेली होती.

ती इंदूमावशीची होती.

आता मागे जावं लागेल. टाळता येत नाही.

इंदूमावशी आमच्याच मजल्यावर राहायची, चार बिऱ्हाडं सोडून. गिरण्या चालू होत्या तेव्हा ती खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले कामगार तिच्याकडे जेवायचे. संप लागला, माणसं गावी गेली, खानावळ बसली. तळमजल्यावर तिची जाऊ राहायची, सुमनकाकी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पण गावच्या घरावरून बिनसलेलं. सुमनकाकीच्या नवऱ्याने घरात बजावलेलं, वरच्यांशी बोलायचं नाही. पुढे दोघेही भाऊ गेले, तरी या दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलायच्या. चाळीत सगळ्यांना ते माहीत होतं.

गिरणगावातल्या बायकांच्या आठवणी गोळा करणारा एक गट होता. त्यांचं पुस्तक निघायचं होतं. गटाच्या बाई मला काम देत. इंदूमावशीची मुलाखत त्यांनी तिच्याच खोलीत घेतली — डोक्यावर पंखा, गॅसवर कुकर. मी नव्हते तिथे. माझ्याकडे फक्त आवाज आला.

त्यात संपातली एक दुपार आहे. मावशीची मुलगी प्रतिभा तेव्हा तीन वर्षांची, तापाने फणफणलेली. नवरा गावी गेलेला. घरात कुणी नाही. मावशी पोरीला खांद्यावर टाकून खाली आली आणि जावेचं दार वाजवलं. इथवर नीट ऐकू येतं. मग मावशी आवाज खाली आणते. मला ऐकू आलं ते असं — "सुमननं दार उघडलं न..." आणि कुकरची शिट्टी. शिट्टीनंतर आठ-दहा सेकंद नुसती कुजबुज, पंख्याची घरघर. आणि मग स्पष्ट, "मग मी पोरीला घेऊन चालत गेले हास्पिटलात."

नियम साधा होता. ऐकू आलं नाही तर तिथे 'अस्पष्ट' लिहायचं आणि वेळ टाकायची. बस. पण त्याआधीची माझी फाइल परत आली होती. बाईंनी लिहिलं होतं, एवढं अस्पष्ट असेल तर हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का? त्या फाइलमध्ये मी चौदा ठिकाणी 'अस्पष्ट' लिहिलं होतं. या फाइलमध्येही अकरा झाले होते. बारावा लिहायला हात होईना.

मी लिहिलं, "सुमननं दार उघडलं नाही."

आणि तेवढ्यावर थांबले असते तर निदान चुकून ऐकलं म्हणता आलं असतं. पण शिट्टीनंतरची ती आठ-दहा सेकंदं भरायची होती ना? मी लिहिलं, "ते बंद दार मला अजून दिसतं."

हे वाक्य मावशीचं नाही. माझं आहे. खुर्चीत बसून, वायर पिळून धरत मी ते रचलं. रचल्यावर एकदा मोठ्याने वाचून बघितलं. चांगलं वाटलं.

चार बिऱ्हाडं सोडून तिचं दार होतं. मला काय झालं होतं उठून जायला? मावशी, इथे काय म्हणालीस गं, एवढंच विचारायचं होतं. गेले नाही. पण पुढे जावंच लागलं. छापायच्या आधी प्रत्येक बाईला तिचं बोलणं वाचून दाखवायचं, असं गटाने ठरवलेलं. मावशीला लिहिता-वाचता बेताचंच येई. बाई म्हणाल्या, तू शेजारीच आहेस, तूच वाचून दाखव. मावशी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. मी स्टुलावर बसून वाचत गेले. त्या पानाशी आले. मावशी डोळे मिटून ऐकत होती. आणि मी — ती दोन वाक्यं गिळली. 'दार वाजवलं' वरून थेट 'चालत गेले' वर आले. तिला काही कळलं नाही. म्हणाली, "बरं लिवलंस गो." आणि सही केली, एकेक अक्षर लावत.

का गिळली? माझ्या मनात काही नव्हतं, मी चुकून ऐकलं, मला खरंच वाटलं — असं मी पुढे स्वतःला कितीदा सांगितलं. पण मग गिळली का? जिला खात्री असते ती वाचते.

महिन्याभरात मावशी गेली. त्यानंतर पुस्तक आलं. दादरला एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. बाईंनी तिचं पान वाचलं आणि 'ते बंद दार मला अजून दिसतं' हे वाक्य दोनदा वाचलं. हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही. माझ्या शेजारच्या बाईने डोळे पुसले. मला अभिमान वाटला. सांगायलाच बसलेय तर हेही सांगते. माझी छाती फुगली होती.

पुस्तक चाळीत फिरलं. तळमजल्यावरही पोहोचलं. सुमनकाकीच्या नातवाने तिला ते वाचून दाखवलं. त्यानंतर काकी नळावर, जिन्यात, भेटेल त्याला सांगायला लागली, अगं मी उघडलं होतं दार. लोक 'हो, हो' म्हणायचे आणि पुढे जायचे. पुस्तकात छापलेलं एकीकडे आणि पंचाहत्तरीची म्हातारी एकीकडे. कुणाचं खरं वाटणार? आई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "सुमन घाबरट होती. पण दुष्ट नव्हती." मी निवडलेले देठ उचलून टाकायला गेले.

आणि मग तो दिवस. लॅमिंग्टन रोडचं दुकान.

दुकानदार वयस्क, कच्छी असावा, मराठी स्वच्छ बोलत होता. त्याने आधी एक लाल-निळे दिवे लागणारा हेडफोन दाखवला, गेम खेळणाऱ्या पोरांचा. मी माझी फाइल लावली. पंखा असा गडगडला की मावशी पार बुडाली.

"ताई, गाणी ऐकायची की काम करायचं?" त्याने विचारलं.

"काम. बोलणं ऐकायचं. जुनं, खराब रेकॉर्डिंग."

"मग हा नको. यात सगळा ठोका आहे. तुम्हाला मोठा आवाज नको, साफ पायजे." त्याने वरच्या फळीवरून एक काढला. काळा, साधा, काही नक्षी नाही. आणि बोटाएवढा एक यूएसबीचा तुकडा. "हे मागच्या बाजूला लावायचं आणि हेडफोन याच्यात. पुढच्या भोकात घालाल तर गुणगुण येणारच."

मी कान झाकले. पहिल्यांदा काय ऐकू आलं सांगू? काहीच नाही. रस्ता गेला, हॉर्न गेले, शेजारच्या दुकानातलं गाणं गेलं. मग मावशी आली. इतकी जवळ की मी मागे वळून बघितलं. तिचा श्वास, बांगड्यांचा आवाज. पंखा लांब, त्याच्या जागी. दार वाजवलं म्हणाली. मग आवाज खाली आला.

"सुमननं दार उघडलंन."

आमच्या रत्नागिरीकडे 'तिनं केलं' असं नुसतं म्हणत नाहीत. 'केलंन' म्हणतात. दिलंन, आणलंन, सांगितलंन. शेवटचा तो हलका 'न' नकाराचा नाही. तिनं केलं, हे सांगणारा आहे तो. माझी आई रोज असंच बोलते. मी लहानपणापासून हेच ऐकत वाढले. दार उघडलंन — म्हणजे तिनं उघडलं.

शिट्टी झाली. आणि शिट्टीनंतरच्या कुजबुजीतून शब्द वर आले. "तिचा नवरा आत जेवत होता, तरी उघडलंन. माझे पाय बघितलेन. पायातली चप्पल काढून मला दिलीन. म्हणाली, रस्ता तापलाय वैनी." मग थोडं थांबून, "हे मी कुणाला बोलले नाय कधी. तिला पण नाय."

मग मी पोरीला घेऊन चालत गेले हास्पिटलात.

मी पुन्हा मागे घेतलं. पुन्हा ऐकलं. किती वेळा, माहीत नाही. दुकानदाराने काचेवर बोटाने टकटक केलं.

"कसा वाटला?"

"साफ आहे," मी म्हटलं.

घेतला. दुसरं कुठलंही दुकान बघितलं नाही. महिनाभराची यादी पर्समध्ये तशीच राहिली. घरी येऊन हात-पाय धुतले, आईला चहा दिला, खोलीभर फिरत राहिले. आई म्हणाली, बस की एका जागी. बसले. उठले. आजच बाईंना फोन करायचा. नको, उद्या सकाळी. आधी काकीला सांगायचं. नको, आधी बाईंना. फोन केला असता तर काय झालं असतं? बाईंनी विचारलं असतं, मग ते दुसरं वाक्य कुठून आलं गं? चुकीच्या ऐकण्याला माफी होती. रचण्याला नव्हती. काम गेलं असतं. नाव गेलं असतं. आठवडा गेला. मग दुसरा.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास, काकी स्वतःच वर आली. दोन जिने चढून, कठडा धरत. आई खाली दळण आणायला गेली होती. काकीने पाणीसुद्धा घेतलं नाही. दारातल्या खुर्चीवर टेकली.

"वंदना, तू ऐकलंस ना गं ते? तिच्या तोंडून?"

"हो, काकी."

"ती असंच म्हणाली? मी दार उघडलं नाही म्हणून?"

टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. फाइल त्यात होती. हेडफोन तिच्यापासून हाताच्या अंतरावर होता. तिच्या कानांवर ठेवायचा आणि एक बटण दाबायचं, एवढंच काम होतं. तुम्हाला काय वाटतं, किती वेळ लागला असता?

"हो," मी म्हटलं. "मावशी तसंच म्हणाली."

"मला ऐकवशील? तिचा आवाज तरी ऐकीन."

"ते आता माझ्याकडे नसतं, काकी. जमा करावं लागतं."

ती बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली. मग म्हणाली, "मला आपलं वाटायचं, मी त्या दिवशी उघडलं. पण मरताना ती खोटं कशाला बोलेल? ह्यांना भिऊन मी कितीतरी वेळा दार उघडलेलं नाही. आतून ऐकत उभी राहायची. त्यातलीच ती वेळ असेल."

आणि उठून गेली. मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. हाताला धरून. तेही केलं मी.

इथे थांबता आलं असतं तर बरं होतं. पण अजून थोडं आहे.

पुढच्या वर्षी प्रतिभाताई आईची खोली आवरायला आली. ती माझगावला असते, गोदीत नोकरी करते. तिला त्या तापातलं काही आठवत नाही, तीन वर्षांची पोर ती. मावशीच्या खोलीतला गॅस काढलेला, म्हणून मी आमच्याकडून चहा घेऊन गेले. तेवढ्यात काकी आली. आत आली नाही, उंबऱ्यापाशीच उभी राहिली.

"प्रतिभा," ती म्हणाली, "त्या दिवशी मी दार उघडायला पायजे होतं. माझं चुकलं. तुझ्या आईला सांगायचं राहिलं, तुला सांगते."

प्रतिभाताई आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालताच म्हणाली, "वाचलं मी पुस्तकात, काकी." बस म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. काकी थोडी थांबली आणि गेली. मी कप हातात घेऊन मध्ये उभी होते. दोघींच्या मध्ये, अगदी मधोमध. तेव्हाही वेळ होती. तोंड उघडलं असतं तर काकी जिन्यातच भेटली असती.

प्रतिभाताईने विचारलं, "साखर घातलीस ना?"

"घातलीय," मी म्हटलं.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाईंनी विचारलं, काही दुरुस्त्या असतील तर कळव. मी दोन गावांच्या नावांतले ऱ्हस्व-दीर्घ कळवले. बाईंनी आभार मानले. म्हणाल्या, तुझं काम आता किती नेटकं झालंय.

गेल्या मार्गशीर्षात सुमनकाकी गेली. सकाळी गेली, दुपारपर्यंत सगळे जमले. विरारहून मुलगा आला, बोरिवलीहून लेक आली. खाली चौकात आम्ही बायका उभ्या होतो. कुणीतरी विचारलं, प्रतिभा नाही आली? माझगावहून यायला असा कितीसा वेळ लागतो?

"कशाला येईल?" दुसरी म्हणाली. "तापलेली पोर दारात असताना हिनं दार लावून घेतलं. पुस्तकात आलंय ना."

"हो, वाचलंय," तिसरी म्हणाली.

मग त्यांच्यातली एक माझ्याकडे वळली. "हिनंच तर लिहिलंय ते. काय गं वंदना?"

मी मान डोलावली. मग पुरुषांनी काकीला उचललं आणि आम्ही बाजूला सरून वाट करून दिली.